अकरा किलो लोखंड

परवा पुन्हा एकदा घरी बोलणी खाल्ली. कारण नेहमीचंच. शुक्रवारी पहाटे पाचला घराबाहेर पडलो आणि साडेसातला वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गंजका पाना घेऊन परत आलो. बायकोने पुडक्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "घरात पाने काय कमी आहेत?" या प्रश्नाला गेली कित्येक वर्षं माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून मी गुपचूप चहा टाकला.

तर मंडळी, आज तेच उत्तर लिहायचा प्रयत्न करतोय. (आत्या, तू वाचत असशील तर शेवटपर्यंत वाच. मधेच फोन करू नकोस.)

शुक्रवारची पहाट म्हणजे अर्थातच चोरबाजार. ज्यांनी तो फक्त पर्यटकांच्या फोटोंत पाहिलाय, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मटण स्ट्रीटवरची दुकानं आठवडाभर उघडी असतात आणि शुक्रवारी बंद. पण त्याच शुक्रवारी उजाडायच्या आत आजूबाजूच्या गल्ल्यांत, दो टाकीच्या बाजूला, रस्त्यावर चादरी आणि प्लास्टिक अंथरून जुम्मा बाजार भरतो. एकच बूट, रिमोटशिवायचा टीव्ही, टीव्हीशिवायचा रिमोट, कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम, आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी एका गोणपाटावर हत्यारांचा ढीग. हत्यारं म्हणजे आपली कारागिराची हो. पाने, पकडी, पटाश्या, कानशी, रंधे, गिरमिटं. मोबाईलच्या उजेडात उकिडवं बसून तो ढीग उपसायचा. आठ वाजले की चांगला माल संपलेला असतो.

माझी न्यू जर्सीची मामेबहीण अधूनमधून फोटो पाठवते. तिकडे घरातलं म्हातारं माणूस गेलं की दोन दिवस घर उघडं ठेवून सगळं सामान चिठ्ठ्या लावून विकतात. लोक येतात, म्हाताऱ्याच्या गॅरेजमधे फिरतात, हत्यारं हाताळतात, घासाघीस करून घेऊन जातात. तिच्या नवऱ्याने तिथून एक स्टॅन्लेचा लोखंडी रंधा आणलाय. मी फोटो बघूनच जळलो. आपल्याकडे ही पद्धत नाही. आपल्याकडे माणूस गेला किंवा चाळ पाडायला निघाली की भंगारवाला येतो, तराजू काढतो आणि अर्ध्या तासात खोली रिकामी करतो. मग त्यातलं जे काही वितळायच्या आधी वेगळं काढलं जातं, ते शुक्रवारी गोणपाटावर येतं. तेव्हा आपला 'इस्टेट सेल' हाच. फक्त इस्टेट कुणाची होती ते सांगायला कुणी नसतं.

आता तुम्ही म्हणाल, नव्या वस्तू काय वाईट आहेत? अजिबात नाहीत. "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पक्कड हवी असेल तर नागदेवी स्ट्रीटला जा, नाशिकची टपारियाची नवी पक्कड घ्या, जन्मभर पुरेल. जुनी बॅकेलाइटची इलेक्ट्रिक ड्रिल मशीन फुकट मिळाली तरी घेऊ नका, अर्थिंगचा पत्ता नसतो. जुना ग्राइंडिंगचा दगड तर मुळीच नको. त्याला न दिसणारी चीर असेल तर तो फिरता फिरता फुटतो. झिजलेली कानस म्हणजे नुसती लोखंडाची पट्टी. जुनेपणा हा काही गुण नाही.

पण काही गोष्टी जुन्याच बऱ्या. लाकूडकामाची पटाशी घ्या. शेफील्डच्या जुन्या पटाशीला एकदा धार लावली की ती टिकते, आणि मागची बाजू सपाट असली तर जोडकाम लोण्यासारखं होतं. रंध्याचं तेच. लिओनार्ड बेलीचे रंध्याचे पेटंट हक्क स्टॅन्ले कंपनीने १८६९ साली घेतले, आणि आजही जगात लोखंडी रंधा म्हणून जे काही बनतं ते बहुतेक त्याच आराखड्यावर. शेफील्डच्या 'रेकॉर्ड'ने १९३१ पासून तसेच रंधे काढले, ते मुंबईत बरेच सापडतात. रंधा हातात आला की आधी तोंडाजवळ तडा आहे का बघायचं. बिडाचा असतो, पडला की तिथेच जातो. मग पातं काढून बघायचं की मधल्या खाचेपासून धारेपर्यंत किती पोलाद शिल्लक आहे. जुन्या पात्यांत मऊ लोखंडावर पोलादाची पट्टी भट्टीत जोडलेली असते. धारेजवळ नीट पाहिलं तर दोन धातूंमधली रेघ दिसते. मला ती रेघ दिसली की आपण घासाघीस नीट करू शकत नाही, चेहऱ्यावर दिसतं. विकणारा चाचा तेच बघत असतो. "पसंद आया ना? फिर क्यूँ टाइम खराब करता है?"

गंजाचं फार टेन्शन घेऊ नये. वरचा लाल गंज म्हणजे धूळ. वाण्याकडून सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, आणायचं, कोमट पाण्यात विरघळवून त्यात वस्तू रात्रभर बुडवायची, सकाळी ब्रशने घासायची, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायची, लगेच पुसून तेल लावायचं. (बायकोची बादली वापरू नये. अनुभवाचे बोल.) पण गंजाने खड्डे पाडले असतील आणि ते धारेच्या बाजूला असतील, तर ती पटाशी सोडून द्यायची. पान्याचं तोंड फाकलं असेल तर तोही सोडायचा.

पान्यांवरून आठवलं. आमच्या भागातल्या बाजारात एक खास जातीचा पाना सापडतो, ज्याच्यावर आकडा असतो अर्धा इंच, पण मोजायला गेलं तर तोंड निघतं साधारण २३.४ मिलिमीटर. पहिल्यांदा मला वाटलं माल डुप्लिकेट आहे. मग कळलं, हा व्हिटवर्थचा पाना. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८४१ साली आट्यांची प्रमाण मापं सुचवली. त्या पद्धतीत पान्यावरचा आकडा तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. अर्ध्या इंचाच्या बोल्टच्या नटाला बसणारा तो अर्धा इंची पाना. मेट्रिकचा २३चा पाना त्या नटात जात नाही आणि २४चा सैल होऊन कोपरे खाऊन टाकतो. म्हणजे जिथे व्हिटवर्थ आहे तिथे व्हिटवर्थच लागतो.

आणि तो इथेच का सापडतो? कारण गिरण्या. आपल्या गिरण्यांतले साचे लँकेशायरहून आले, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून, आणि त्यांचा प्रत्येक नट याच मापाचा. देशात १९५६ साली कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापं आली, पण साचे तेच राहिले आणि फिटर लोकांच्या पेट्यांत पानेही तेच राहिले. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत एकेक गिरणी बंद पडत गेली. साचे काही भिवंडीला गेले, बाकीचे भंगारात. आणि पाने? ते असे गोणपाटावर.

काही पान्यांवर गिरणीचा शिक्का असतो. ते लिलावातून बाहेर आले की फाटकातून डब्याच्या पिशवीत बाहेर आले, हे त्या पान्यालाच माहीत. माझा एक मित्र असा शिक्का दिसला की डोळा मारून म्हणतो, "बघ, चोरबाजार नाव उगाच नाही." मला ते आवडत नाही. ज्यांची देणी वर्षानुवर्षं लटकली त्यांच्या पिशवीत एक पाना सापडला तर त्यावर हसायचा हक्क आपल्याला कुणी दिला? असो. हा वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहायला बसलो तर ब्लड प्रेशर वाढेल.

मी शोधतो ते शिक्के नाहीत. मी नंबर शोधतो.

माझे बाबा गिरणीत फिटर होते. बिल्ला नंबर ७१४. आपल्या घरच्या भांड्यांवर कसं नाव घातलेलं असतं, तसं बाबांनी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या प्रत्येक हत्यारावर पंचाने ७१४ ठोकलं होतं. जरा वाकडं, चारचा आकडा नेहमी किंचित खाली. लाकडी पेटी होती, खाटेखाली असायची. तीत पाने, हातोडी, दोन पकडी, गुण्या, ओळंबा, तीन पटाश्या, एक छोटा रंधा. संपानंतर बाबांनी नाना उद्योग केले. दुकानांची शटरं दुरुस्त केली, चाळीतल्या लोकांचे नळ, कड्या, पाळणे दुरुस्त केले, गणपतीत मंडपाला मदत केली. आमच्या शाळेच्या फिया त्या पेटीतून निघाल्या असं म्हटलं तरी चालेल. खंडेनवमीला ती पेटी पाटावर यायची. सगळी हत्यारं पुसून मांडायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि त्या दिवशी कुणी कितीही दार वाजवलं तरी बाबा पान्याला हात लावायचे नाहीत. "आज त्यांची सुट्टी," म्हणायचे.

२००८ साली आमची लालबागची चाळ रिकामी करायची वेळ आली. पुनर्विकास. ट्रान्झिटची खोली एवढीशी, सामान ढीगभर. घरात कर्ता मी. काय न्यायचं, काय नाही हे मी ठरवत होतो आणि मला खूप घाई होती, ऑफिसातून दोनच दिवस सुट्टी मिळाली होती. भंगारवाला दारात होता. पितळेची भांडी आईने सोडली नाहीत. मी पेटी उचलून दिली. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. तराजूला लावली, अकरा किलो भरली. वीस रुपये किलोने दोनशे वीस. पेटीचं लाकूड धरलं नाही.

बाबा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही.

ट्रान्झिटमधे गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मोरीचा नळ गळायला लागला. बाबा उठले, आणि सवयीने खाटेखाली वाकले. तिथे काही नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पेटी कुठे ठेवलीस रे?" आणि मी, वय वर्षे एकेचाळीस, म्हणालो, "असेल कुठेतरी त्या गाठोड्यात, नंतर काढतो." त्यांनी मान हलवली. पुन्हा कधीही विचारलं नाही. मी प्लंबर बोलावला. त्याच्याशी मात्र बाबा बराच वेळ बोलत उभे होते. त्याचा पाना हातात घेऊन, उलटा-सुलटा करून बघत. २०११ साली बाबा गेले.

आत्या, तुला हे माहीत नव्हतं. तुला वाटायचं पेटी माझ्याकडे आहे. तू मागे एकदा विचारलंस तेव्हाही मी विषय बदलला होता.

तेव्हापासून मी जातो. ७१४ सापडेल या आशेने जातो असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. भंगाराचं लोखंड कुठे जातं हे मी नंतर चौकशी करून घेतलं. बरंचसं जालन्याकडच्या भट्ट्यांत जातं आणि इमारतीची सळई होऊन बाहेर पडतं. म्हणजे आमची पेटी आता कुठल्या तरी स्लॅबमधे आहे. पण नंबर दिसला की मी वाचतो खरा. वेगळेच नंबर असतात. आद्याक्षरं असतात. एका रंध्याच्या मुठीवर कुणीतरी तापल्या तारेने 'ग. भि.' कोरलेलं आहे. आईला दाखवला तर तिने हातात न घेताच विचारलं, "कुणाच्या घरचा आणलास?" चुकून दुसऱ्याकडचं भांडं आपल्याकडे आल्यावर विचारतात तसं. मला उत्तर सुचलं नाही.

आता माझं मत सांगतो, त्यासाठीच हा लेख. या हत्यारांना सध्या दोन भाव मिळतात आणि माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत. एक भंगारवाल्याचा, वजनावर. दुसरा काचेच्या कपाटातला, 'अँटिक' म्हणून. जो पाना मी शुक्रवारी शंभर रुपयांत घेतला, तसाच पाना पॉलिश करून दुकानात दीड हजाराला पाहिलाय. आणि हे दुसरे लोक जास्त वाढताहेत. लोअर परळला, जिथे गिरणी होती तिथेच, एका हॉटेलात मला ऑफिसच्या पार्टीला जावं लागलं. भिंतीवर दातेरी चाकं, कप्प्या आणि आठ-दहा पाने वेल्डिंग करून ठोकलेले. स्वच्छतागृहाच्या दाराची मूठ म्हणजे एक व्हिटवर्थचा पाना. माझ्या शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, "काय व्हाइब आहे ना सर?" मला जेवण गेलं नाही.

यावर माझ्या एका ब्लॉगर मित्राचं म्हणणं असं, की अरे, निदान वितळला तरी नाही. भिंतीवर आहे तोवर आहे. मुद्दा बिनतोड वाटतो. मीही काही दिवस गप्प होतो. पण वेल्डिंग केलेला पाना आणि वितळलेला पाना यात मला फरक दिसत नाही. दोन्ही पुन्हा नटावर बसणार नाहीत. उलट वितळलेला निदान सळई होऊन कुणाचं तरी छप्पर धरतो. आणि स्वतःचंही सांगतो, पहिली चार वर्षं मी तरी वेगळं काय केलं? आणायचो, साफ करायचो, तेल लावून कपाटात ठेवायचो. चाळीस-पन्नास नग झाले. पाहुणे आले की दाखवायचो. तेव्हा मी त्या हॉटेलवाल्यापेक्षा काही फार वेगळा नव्हतो, फक्त माझ्याकडे बिअर मिळत नव्हती.

बदल एका पोराने केला. चिंचपोकळीला गणपतीच्या एका कारखान्यात ओळखीचा मुलगा लाकडी सांगाडे करतो. एकदा त्याचा रंधा फुटला आणि सीझन तोंडावर. मी तो 'ग. भि.' नेऊन दिला, चार दिवसांसाठी म्हणून. तीन आठवड्यांनी मागायला गेलो तर पात्याला अशी धार होती, जशी मला आजतागायत लावता आली नाही. मूठ त्याच्या घामाने काळीभोर झालेली. मी काही न बोलता तिथेच ठेवून आलो. तो अजून त्याच्याकडेच आहे. पैसे देत होता, मी म्हटलं रोज वापरतोस ना, मग झालं.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो. ज्याला गिऱ्हाईक माहीत आहे तेच घ्यायचं. गिऱ्हाईक म्हणजे विकत घेणारा नव्हे, वापरणारा. कपाटातले पन्नास नग आता सतरा उरलेत. दोन गुण्या गिरगावातल्या एका सुताराकडे गेल्या, एक मोठा पाना दारूखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडे. बदल्यात त्याने मला जहाजावरचा एक भलामोठा रिंग पाना देऊ केला. साडेतीन किलोचा. घरी कुठे ठेवणार, म्हणून नाही आणला. (बायको, वाचतेयस ना?)

आणि तुमच्यापैकी ज्यांची चाळ आत्ता रिकामी होतेय, गिरगावात, परळला, कुठेही, त्यांना एवढीच विनंती. भंगारवाल्याला दारात थांबवून ठेवा. खाटेखालची पेटी उघडून बघा. खाली उतरून नाक्यावरच्या सुताराला, प्लंबरला, गॅरेजवाल्याला वर बोलवा आणि त्याला हवं ते उचलू द्या. पाव तास लागतो. आणि पेटी ज्याची आहे तो गॅलरीत बसलेला असेल तर आधी त्याला विचारा.

परवाचा पाना कशासाठी, ते राहिलंच. दादरला एक मेकॅनिक जुन्या बुलेट दुरुस्त करतो. जुन्या बुलेटला अजून इंग्रजी मापाचेच नट-बोल्ट असतात आणि पोरं मेट्रिकचे पाने लावून त्यांचे कोपरे घालवतात. त्याला व्हिटवर्थचा सेट पुरा करायचाय. मी आणलेला धरून चार झाले. तीन-अष्टमांश आणि पाच-सोळांश अजून हवेत. कुणाच्या माळ्यावर असतील तर कळवा, नाहीतर येत्या शुक्रवारी पुन्हा आहेच पावणेपाचचा गजर.